गोगटेसाहेबांचं पोतं

सकाळी सातला आमच्या सांडोर गावच्या बायका अंगण झाडून पाल्याचा ढीग करायच्या आणि काडेपेटी आणायला घरात वळायच्या, तेवढ्यात वाटेवरून हाक यायची, "पेटवू नका! आलोच मी!" मागोमाग इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि काखेत गोणपाटाचं पोतं अशा थाटात गोगटेसाहेब धापा टाकत हजर. पोतं भरायचे, "आभारी आहे" म्हणायचे आणि पुढच्या घरी निघायचे. कचरा नेऊन वर आभार मानणारा माणूस आमच्या गावाने त्याआधी पाहिला नव्हता.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. मुंबईत बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी करून हा एकटा गृहस्थ निवृत्त झाला आणि त्याने आमच्या शेजारचं घर, मागच्या वाडीसकट, विकत घेतलं. मी गावातला शाळामास्तर. शेजारधर्म म्हणून पहिल्याच रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून कुदळ घेऊन गेलो. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"मास्तर, खणायचं नाही. जमिनीला उघडं पाडायचं नाही. अंग झाकून निजू द्यायचं, बाकीचं ती बघते."

आमचे बापजादे वाड्या खणून, आळी करून जगले, आणि हा कागद खरडणारा माणूस मला शेती शिकवणार! मला रागच आला. पण चहा चांगला होता, म्हणून बसलो.

साहेबांची शेती कचेरीच्या भाषेत चाले. शेवग्याचा पाला म्हणजे तार, टाकला की कुजून मातीत पोचला. सागाचं पान म्हणजे सरकारी फाईल, वर्षभर जागची हलत नाही. पपईखाली अळू, अळूला खेटून मिरची, कुंपणावर तोंडली, मोरीचं पाणी केळीला. ना ओळ, ना वाफा, आणि सगळ्यावर पाल्याचं जाड पांघरूण. पाहुण्याला आधी ते उचलून गांडुळं दाखवायचे. "माझे कर्मचारी! रजा नाही, संप नाही."

वाडीची जमीन मूळची दगडासारखी. साहेबांना मरण्याआधी तिची वीतभर माती करायची होती. पावसाळा सरला की ते उकिडवे बसून मातीत बोट खुपसायचे. पहिल्या वर्षी नख शिरलं. दुसऱ्या वर्षी एक पेर. तिसऱ्या वर्षी अख्खं बोट शिरलं, तेव्हा ते बोट तसंच मातीने माखलेलं घेऊन आमच्या घरी आले. "मार्थाबाई, हे बघा!"

मार्थाबाई म्हणजे माझी आई. ती आमच्या घरच्या बोलीत जे म्हणाली ते सोपं करून सांगतो. "बोट धुवा आणि जेवायला बसा." ते गेल्यावर मला म्हणाली, "शहरातली माणसं हौस फिटली की विकून जातात. हा अजून टिकलाय, पण अंगण किती घाण ठेवतो रे!"

त्याच डिसेंबरात साहेब मोतीबिंदू काढायला मुंबईला पुतण्याकडे गेले. नाताळ तोंडावर. घराघरात चुना लागत होता, अंगणं चकचकीत. आईला शेजारची वाडी बघवेना. "माणूस दवाखान्यात, आणि सणाला त्याचं दार असं? लोक आपल्याला नावं ठेवतील." तिने पाच-सहा बायका गोळा केल्या. सकाळपासून दुपारपर्यंत सगळ्या वाडीभर केरसुण्या आणि दाताळी चालली. तीन वर्षांचा पाला ओढून ढीग केला. काडी मीच ओढली. साहेबांचं म्हणणं मला पाठ होतं, पण आईपुढे तोंड उघडलं नाही; आणि खरं सांगायचं तर मलाही तो कचराच वाटत होता.

नाताळच्या आदल्या दिवशी साहेब आले. डोळ्यावर हिरवी पट्टी. फाटकातच थबकले, कारण आधी राखेचा वास आला. बायका कौतुकाच्या अपेक्षेने उभ्या होत्या. साहेब चाचपडत खाली बसले आणि त्यांनी बोट टेकवलं. उन्हाने वरची माती कडक झाली होती. बोट शिरलं नाही.

आता साहेब घर विकणार, मला वाटलं.

"साहेब, काडी मी ओढली," मी म्हणालो.

"झाडलं कोणी?"

मी नावं सांगितली. त्यांनी ती एकेक करून पुन्हा म्हणवून घेतली. मग म्हणाले, "बत्तीस वर्षं एका चाळीत राहिलो, मास्तर. टायफॉइडने महिनाभर पडून होतो. माझ्या दाराशी कुणी केरसुणी घेऊन आलं नव्हतं." आणि तोंड वर आभाळाकडे केलं. "डोळ्याला पाणी लागता कामा नये, डॉक्टरांनी बजावलंय."

पाला जाळल्याने साहेबांचं काय गेलं ते मी रात्री आईला समजावून सांगितलं. ती जेवली नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी पाल्याचं पहिलं पोतं तिनेच डोक्यावरून नेऊन साहेबांच्या वाडीत टाकलं.

साहेब गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. वाडीत वीत पुरी झाली नाही, चार बोटं कमी पडली. पण घराच्या पायरीपुढे हातभर जमीन त्यांनी त्या नाताळपासून शेवटपर्यंत उघडी ठेवली होती. तिच्यावर पान पडू देत नसत. रोज सकाळी पोतं घेऊन निघण्याआधी ते तेवढी जागा स्वतः झाडायचे, आमच्या बायका झाडतात तशी.