फक्त ॲडमिन

माहिती ही लोकशाहीत सर्वांची असते. ती द्यायची कुणी, एवढंच काय ते ठरवावं लागतं. निमोण्यात ते सर्जेराव आप्पांनी ठरवलं.

आप्पा ‘जागरूक निमोणे’ या व्हॉट्सॲप ग्रुपचे एकमेव ॲडमिन. ग्रुप काढला होता बिबट्यासाठी. दिसला की कळवायचं, बस्स. पण पहिल्याच महिन्याच्या पाहणीत (पाहणी आप्पांचीच) आलेल्या संदेशांत शुभ सकाळ साठ टक्के, वाढदिवस तीस टक्के, कांद्याचा भाव नऊ टक्के आणि बिबट्या एक टक्का निघाला. तोही नीट पाहता कुणाचा तरी बोका होता. आप्पा मनापासून संतापले. त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त ॲडमिन’ लिहू शकेल असं करून टाकलं आणि गावात शांतता नांदू लागली.

फोन उचलणं त्यांनी त्याआधीच सोडलं होतं (तोंडी माहितीला पुरावा नसतो). कुणी घरी आलंच, तर चहा पाजून प्रेमानं सांगत, “ग्रुपवर टाका.” तिथं टाकता येत नाही, ही तक्रारही अर्थातच ग्रुपवर टाकायची होती.

त्या दिवशी दिवस मावळताना आप्पा गोठ्यापुढं उभे राहून जनहितार्थ सूचना लिहीत होते. मागं महिन्याची कालवड बांधलेली. चंद्री तिचं नाव. आप्पांच्या बायकोनं, साखरबाईंनी, तिला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. सूचना अशी होती: ‘बिबट्याचा वावर वाढला आहे. दिसल्यास त्वरित ग्रुपवर कळवावे.’

बिबट्या आप्पांच्याच कडब्याच्या गंजीवर बसला होता.

तो समोरच्या गच्चीवरून दत्ताला दिसला. दत्ता जबाबदार नागरिक (तरुण मंडळाचा उपाध्यक्ष). त्यानं आधी व्हिडिओ काढला. गावच्या ग्रुपवर जाईना, म्हणून ‘शिरूर-दौंड बिबट्या’वर टाकला. गच्ची ते गोठा अंतर हाकेचं होतं, पण हाक मारली असती तर व्हिडिओत आवाज आला असता.

हाक मारली शेजारच्या नकुशीनं. तिच्याकडं बटणाचा फोन, त्यामुळं तिला रीत ठाऊक नव्हती.

“ओ आप्पा, मागं बघा की! वाघ हाय!”

आप्पांनी मान वर न करता हात केला. “त्याचंच लिव्हतोय. तू ग्रुपवर टाक.”

“आवो, तुमच्या गंजीवर हाय!”

“फोटू हाय का?”

तेवढ्यात फोटोच काय, व्हिडिओ आला. दत्ताच्या गच्चीवरून निघून, नदी ओलांडून तो पाटसला आप्पांच्या मेव्हण्याकडं, आनंदरावांकडं पोचला होता आणि त्यांनी तो तत्परतेनं आप्पांना धाडला होता. त्यात एक गृहस्थ मोबाइलात मान घालून उभे होते आणि मागं गंजीवर बिबट्या. आप्पांना हसू आवरेना. त्यांनी तो लगेच ग्रुपवर टाकला: ‘हे येडं कोण? सर्वांनी बोध घ्यावा.’

शर्ट ओळखीचा वाटला तो त्यानंतर.

साखरबाईंच्या किंकाळीनं ते वळले. खुंटाला तुटकं दावं होतं आणि पलीकडं ऊस हलत होता.

साखरबाई खुंटापाशी बसून रडल्या. बायकोशेजारी बसून चार शब्द बोलावेत असं आप्पांनाही फार वाटलं. त्यांनी ते ग्रुपवर टाकले: ‘चंद्रीस भावपूर्ण श्रद्धांजली. चूक माझी.’ खाली कुणी काही लिहिलं नाही (सोय नव्हती). अंगठे मात्र भरपूर आले. साखरबाई ग्रुपमध्ये नव्हत्या.

वाचून तुम्हाला आप्पांचं हसू आलं असेल. असलाच एक ॲडमिन तुमच्याही ओळखीत असेल आणि ही गोष्ट त्याला पाठवायला तुमचं बोट एव्हाना वळवळत असेल. खुशाल पाठवा. फक्त मघाशी घरातून कुणीतरी तुम्हाला हाक मारली आणि तुम्ही मान वर न करता ‘हं’ म्हणालात, ते माणूस काय सांगत होतं?