घुबड हललं नाही

फ्लेक्सवर आपला फोटो यावा, एवढीच माझी इच्छा होती. (माणसानं फार मोठ्या इच्छा धरू नयेत, म्हणून मी ही बेताची धरली होती.) माझे सासरे बाळारामशेठ राहनाळचे. पूर्वी त्यांचं भात पिकायचं तिथे आता गोडाऊनं आहेत, आणि घरात काहीही झालं, वाढदिवस, बारसं, नवी गाडी, की नाक्यावर खोलीएवढा फ्लेक्स लागतो. त्यावर सासरे असतात. सासूबाई राहीबाई असतात. मेहुणा दीपेश मोबाइल कानाला लावून असतो. गेल्या वर्षी तर शर्यतीचा बैलही होता. जावई मात्र कधीच नव्हता. हे मी बायकोला, क्षितिजाला, बोलून दाखवलं.

"बैल पहिला आला होता," ती म्हणाली.

मी नारपोलीत एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात कारकून आहे. आमच्यात नंबर काढत नाहीत.

पण माझ्याकडे एक कला होती: वाइल्डलाइफ फोटोग्राफी. नारपोलीत वाइल्डलाइफ म्हणजे कावळे, उंदीर आणि पॉवरलूमच्या पत्र्यावर झोपणारी मांजरं. तरीही मी कॅमेरा घेतला, ट्रायपॉड घेतला, खूप खिसे असलेलं जाकीट घेतलं. (खिशांत काय ठेवायचं ते अजून ठरलेलं नाही.) आणि सायबर कॅफेत बसून मी एचडीआर शिकलो.

एचडीआर अगदी सोपं आहे. सावलीत बसलेल्या पक्ष्याचा फोटो काढला की मागचं आभाळ पांढरंफटक होतं. आभाळ नीट घेतलं की पक्ष्याचा कोळसा होतो. म्हणून एकाच जागेवरून तीन फोटो काढायचे, एक काळपट, एक मध्यम, एक उजळ, आणि कॉम्प्युटरवर तिन्ही एकात मिसळायचे. मग सगळं लखलखीत दिसतं. अट एकच, तिन्ही फोटो होईपर्यंत कुणी हलायचं नाही. जे हलतं ते भुतासारखं विरळ उमटतं.

ही अट जनावरांना कुणी कळवलेली नव्हती. माझ्या पहिल्या बगळ्याला तीन माना आल्या. मुंगसाच्या फोटोत मुंगूस नव्हतंच, गवतातून थोडा धूर निघत होता. "छान आलाय धूर," क्षितिजा म्हणाली. न हलणारं जनावर मिळाल्याशिवाय माझी कला जगापुढे येणार नव्हती.

ते जनावर सासऱ्यांच्याच नव्या गोडाऊनमध्ये निघालं. दीपेशचं लग्न ठरलं होतं, आणि गोडाऊन अजून भाड्यानं गेलेलं नसल्यामुळे हळद तिथेच करायची होती. साफसफाईच्या वेळी वर छपराच्या लोखंडी कैचीवर एक पांढरंशुभ्र घुबड दिसलं. दिवसभर ते एकाच जागी डोळे मिटून बसायचं. आमच्या हेडक्लार्कनंतर इतका स्थिर जीव मी पाहिला नव्हता.

"घुबार? हलदीला?" राहीबाई कडाडल्या. "बांबू आना आदी!"

"आई, ते लक्ष्मीचं वाहन आहे," मी म्हणालो.

सासरे थांबले. त्यांनी वर पाहिलं, गोडाऊनकडे पाहिलं, मग हात जोडले. "बसू द्या त्याला. भाड्याचं जमलं नाय अजून."

हीच वेळ होती. मी हळूच सुचवलं की फ्लेक्ससाठी सगळ्या घराचा फोटो इथेच काढू. वर लक्ष्मीचं वाहन, खाली लक्ष्मीचं घर. फोटो मीच काढीन, आणि (हे मी जरा खाकरून म्हणालो) टायमर लावून मी स्वतःही त्यात उभा राहीन. सासरे "बरं" म्हणाले. लग्नानंतर ते मला पहिल्यांदाच "बरं" म्हणाले होते.

रविवारी सकाळी सगळे दागिन्यांसकट अर्ध्या उघड्या शटरजवळ उभे राहिले. वरचं घुबड आणि खालचं घर दोन्ही यायला हवं, म्हणून मी ट्रायपॉड गोडाऊनच्या पार दुसऱ्या टोकाला लावला. मग सूचना दिल्या. हलायचं नाही. बोलायचं नाही. बांगड्या वाजवायच्या नाहीत. डोळे मिटायचे नाहीत.

"जावाय, सास तरी घिऊ का?" सासऱ्यांनी विचारलं.

"थोडा घ्या."

माझं सगळं लक्ष घुबडावर होतं. ते हललं तर संपलं! मी टायमरचं बटण दाबलं आणि पळालो. दहा सेकंदांनी कॅमेरा पाठोपाठ तीन फोटो काढणार होता. दहा सेकंद पुष्कळ असतात. पण गोडाऊन दोन कंटेनर आत वळतील अशा हिशेबानं बांधलेलं असतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्यात फरशी गुळगुळीत आणि बूट नवे. पहिला क्लिक ऐकला तेव्हा मी अजून दहा हात लांब होतो. दुसऱ्याला सासूबाईंच्या अलीकडे घसरत होतो. तिसऱ्याला जागेवर उभा राहून हसलो.

घुबड हललं नाही.

मी परत जाऊन कॅमेऱ्यात पाहिलं. शेवटचा फोटो दिसला. त्यात मी होतो. "झकास!" मी ओरडलो आणि सगळे पांगले.

रात्री कॉम्प्युटरनं तिन्ही फोटो मिसळले. घुबडाचं एकेक पीस मोजून घ्यावं असं आलं होतं. राहीबाईंच्या हारातला मणीन् मणी चमकत होता. बाहेर उभ्या ट्रकचा नंबरसुद्धा वाचता येत होता. आणि सगळ्यांच्या कडेला एक पांढरट, तेजःपुंज आकृती मंद हसत तरंगत होती. तिच्या पोटातून मागच्या शटरच्या पट्ट्या दिसत होत्या.

"हे तुम्ही आहात?" क्षितिजानं विचारलं.

"मीच आहे."

"मला माहीत आहे हो. फोटोला माहीत नाही."

पुन्हा सगळ्यांना दागिने घालून जमवा, असं सासऱ्यांना सांगायची माझी छाती नव्हती. दीपेश सीडी घेऊन फ्लेक्सवाल्याकडे गेलासुद्धा. हा सागर नावाचा माणूस नाक्यावर नवीनच आला होता. मला ओळखत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून त्याला फोन केला. आता, माझाच फोटो मोठा कर, असं स्वतःच्या तोंडानं कसं सांगणार? म्हणून मी आवाज जरा जड केला आणि घरातलाच कुणी बोलतोय असं भासवलं.

"बाळारामशेठच्या घरून बोलतोय. फोटोत कडेला एकजण विरळ दिसतात बघा."

"हां, दिखते हैं. आरपार. मी सगळ्यांचे फोटो वेगळे कापून लावणार आहे. हे कोण?"

"ते जावई. त्यांना जरा मोठं घे."

"मोठं?"

"आणि मानानं वर बसव. आजवर कुणी विचारलं नाही रे त्यांना." (इथे मी खरोखरच नाक ओढलं.)

सागरनं आवाज खाली आणला. "वर म्हणजे शेठच्याही वर?"

"अगदी वर."

"समजलो, दादा. हार टाकू?"

फ्लेक्सवर हार! मला सासऱ्यांच्या घराबद्दल एकदम प्रेम वाटलं. "टाक की. शोभेल त्यांना."

"वय काय होतं?"

"अडतीस."

"अरेरे," सागर म्हणाला. "घरी बायको आहे?"

"आहे ना."

"हिंमत धरा, दादा," म्हणून त्यानं फोन ठेवला. माझ्या संसाराची याला इतकी माहिती कशी, एवढाच प्रश्न मला पडला.

हळदीच्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना मुद्दाम वाकडी वाट करून मी नाक्यावर गेलो. फ्लेक्स लागला होता. मध्ये दीपेश, एका बाजूला सासरे आणि सासूबाई, दुसऱ्या बाजूला, जावयाच्या जागी, घुबड. आणि सगळ्यांच्या वर, गणपतीशेजारी, गोल चौकटीत मी. गळ्यात हार. डोक्यामागे वलय. खाली लिहिलं होतं: "आशीर्वाद: स्वर्गीय जावईबापू."

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला.

"जावाय, तुमी बरं हाव ना?"

"बरा आहे."

"मंग झालं. सागरकडं लाइट नाय. लोडशेडिंग हाय. नवा फ्लेक्स आज नाय व्हायचा. वर बसलाव तं बसा आजच्या दिवस."

ऑफिसात पोचलो तर कुलूप. वॉचमननं सांगितलं की एका स्टाफच्या दुःखद निधनामुळे अर्धा दिवस सुटी दिली आहे. (ती पुढे माझ्याच रजेतून कापली गेली. कारण माझं होतं, असं हेडक्लार्कचं म्हणणं.)

संध्याकाळी गोडाऊनमध्ये गाव लोटलं. बायका येत होत्या, क्षितिजाच्या गळ्यात पडत होत्या. ती प्रत्येकीला शांतपणे सांगत होती, "अहो, ते काय, तिकडे मटण वाढतायत." मी खरंच वाढत होतो. मागे पुरुष माझ्याबद्दल बोलत होते. गरीब होता. कुणाच्या अध्यात ना मध्यात. कला होती हो हातात. इतकं चांगलं मी माझ्याबद्दल कधीच ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्या पंगतीत मी जरा रेंगाळलो. वरून घुबडही एक डोळा उघडून बघत होतं.

पंगतीच्या शेवटी राहीबाईंचे लांबचे मामा बसले होते, लडकूमामा. मी रस्सा वाढायला वाकलो तसा त्यांनी माझा हात धरला आणि चेहरा निरखला.

"नाक्यावरच्या फोटोतलं जावाय... तुमी त्यांचं कोन?"

खरं सांगायला मी तोंड उघडणार, तोच त्यांनी मान हलवली.

"भाव असनार. नाकडोल तसंच हाय. पन त्यांच्या तोंडावं काय तेज व्हतं, बाबा!" त्यांनी पुन्हा माझ्याकडे नीट पाहिलं आणि माझा हात सोडून दिला. "तुमच्यान तसं काय नाय. भाकर वाडा."

मी भाकर वाढली.