आक्काच्या फोटोतली केळीची पानं

आमची आक्का मोकळ्यात उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढत नाही. उद्या साक्षात देव प्रकट होऊन 'माझा एक फोटो काढा बाई' म्हणाला, तरी ती त्याला सांगेल, "उगं उघड्यावर नका उभं ऱ्हाऊ. त्या लिंबाच्या फांदीखाली या. हां, जरा मधी."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. अर्धापूरला दिलेली. तिच्या मागच्या दारातून पाऊल टाकलं की ते थेट केळीच्या बागेत पडतं. मी लातूरला असतो, हार्डवेअरचं दुकान आहे. माझं तोंड फाटकं आहे असं लोक म्हणतात. म्हणू देत.

दोनेक वर्षांपूर्वी भाच्यानं तिला चांगला फोन घेऊन दिला आणि हे खूळ सुरू झालं. मी नवी मोटारसायकल दाखवायला गेलो, तर बाईनं मला गाडीसकट केळीच्या दोन खुंटांमागं ढकललं. फोटो बघतो तर भोवती हिरवी गच्च पानं आणि मधी माझं टकुरं.

"आक्का, गाडी कुठाय?"

"गाडीचं काय बघायचं? कंपनीनं तसल्या लई काढल्यात. तू एकच हाईस."

कपाळ माझं! शेजारच्या गंगाबाईंना बँकेत फोटो द्यायचा होता. आक्कानं त्यांना जांभळाच्या फांद्यांत उभं केलं. बँकेतला माणूस म्हणाला, "मावशी, पाठीमागं वाघ बी हाय का?" फोटो परत आला. पण गंगाबाईंनी तो मोठा करून घेतला, भिंतीला लावला आणि सुनांना बजावून ठेवलं, "मी गेल्यावर ह्योच ठेवायचा, दुसरा न्हाई."

कारण फोटो तसे निघतातच हो! पानांच्या, फांद्यांच्या, दाराच्या अंधाऱ्या कडेतून माणूस असा उजळून समोर येतो की नजर दुसरीकडं जातच नाही. माझ्या गल्ल्यामागं सगळे तिचेच फोटो आहेत. गिऱ्हाईक खिळे घ्यायला येतं आणि तोंड वर करून उभं राहतं. मग मी छाती फुगवून सांगतो, "आमच्या आक्कानं काढलाय."

आता दाजींचं सांगतो. आक्काचे मालक. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर कडेकडून जातेय, गेलेली येणार नाही, उरलेली थेंब टाकून सांभाळायची. तेव्हापासून दाजींनी अल्बम हातात धरणं सोडलं. कुणी पुढं केलाच तर बोटानं कडा चाचपायचे, "हिकडं कोण हाय? कोण ऱ्हायलं का बघायचं?" असं विचारायचे आणि मिटून ठेवायचे. त्यांना एकच ध्यास होता. माझ्या लेकीला, पल्लवीला, जिला त्यांनी खांद्यावर घेऊन सगळी बाग हिंडवली, तिला नवरीच्या वेषात बघायचं. "लवकर उरक रे बाळू," म्हणायचे, "नजर आटून राहिली."

यंदा उरकलं. मांडवाच्या दारात लावायला आक्कानं स्वतःच्या बागेतल्या केळी टेम्पोत घालून आणल्या, पानांसकट. मांडववाला पानं छाटायला कोयता घेऊन आला, तर त्याला म्हणाली, "एका पानाला हात लावून तर बघ." त्यानं नाही लावला. पुढं त्याच पानांत व्याह्यांचा फेटा अडकला. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. आक्का शांत. "वाकून या व्याही, आत लक्ष्मी हाय."

फोटोग्राफरचा ड्रोन डोक्यावर घोंघावत होता. त्यालाही तिनं सोडलं नाही. "वरून टकुरीच दिसतात बाबा. माणसाचं तोंड खाली असतंय."

पण दाजींचं काही जमेना. अक्षता झाल्या, जेवणं झाली. पल्लवी नजरेत येते न येते तोच कुणीतरी आडवं जाई आणि पोरगी निसटे. शेवटी बिचारे मागच्या खोलीत जाऊन बसले.

पाठवणीची वेळ झाली. गाडी सुरू, बिलोलीपर्यंत जायचं, व्याही घड्याळ बघून राहिलेले. आणि आक्कानं नवरीला केळीच्या दोन खांबांमध्ये थांबवलं. "मधी ये. अजून. हां!" फोटो काढला आणि बाई गायब. पल्लवी म्हणे, आत्याच्या पाया पडल्याशिवाय गाडीत बसायची नाही. मी तणतणत मागच्या खोलीत गेलो. आज हिला चांगलं सुनावायचं ठरवलंच होतं.

आक्का दाजींच्या शेजारी बसली होती. दाजींनी फोन नाकाशी धरला होता.

"कडंला काय हाय गं?"

"पानंच हायत. आपल्याच बागेतली."

"कोण ऱ्हायलं न्हाई ना?"

"न्हाई. मधी पल्लवी हाय. तेवढीच."

दाजी बघत राहिले. मग म्हणाले, "पुरी दिसली गं. नथीसकट."

आक्कानं मला दारात बघितलं. "तुला ठावं हाय ना त्यांचं," ती हळू म्हणाली, "सदा वाटतंय, कडंचं कुणीतरी ऱ्हायलं. म्हणून कडंला मी पानंच ठेवते. ऱ्हायलंच तर पान ऱ्हाईल, माणूस न्हाई."

दोन वर्षं आम्ही सगळे हिच्या खुळाला हसत होतो. असली बहीण कुणाला असते सांगा!

मी बाहेर गेलो. व्याह्यांना म्हटलं, गाडी बंद करा, वेळ लागेल. पल्लवीचा हात धरून तिला आत आणलं आणि खोलीच्या दारात उभं केलं.

"मधी ये," मी म्हणालो. "अजून. हां. दाजी, आता हिकडं बघा."