आधी अर्थिंगला पाणी

आमच्या सौंदडात कोणाच्याही घरी गेलात की आधी पाण्याचा गडवा पुढे येतो. कापगते काका तो गडवा घेतात आणि तसेच उठून बाहेर जातात. घराच्या मागच्या भिंतीपाशी अर्थिंगचा खड्डा असतो, त्यात अर्धा गडवा ओततात. मग परत येऊन उरलेलं पाणी पितात.

"आधी तिले पाजा, मंग मले," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अर्थिंग म्हणजे घरात कुठे वीज गळली तर तिला जमिनीत पळवून नेणारी तार. ती मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पुरलेली असते, आणि खड्डा कोरडा पडला की तिचा उपयोग राहत नाही. हे मला आता कॉलेजात शिकवतात. गावातल्या बायकांना काकांमुळे ते आधीपासून माहीत आहे. तुळशीला पाणी घालून त्या तांब्यातलं थोडं मागे नेऊन ओततात.

ज्या घराला खड्डाच नाही, तिथे काका पाणी पीत नाहीत. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, कशी आहे? काका म्हणाले, "पोरगी गुणाची आहे. घराले अर्थिंग नाही." मुलीच्या बापाने आठवडाभरात खड्डा खणून घेतला, तेव्हा कुठे सुपारी फुटली. ती सून आजही नवऱ्याशी भांडली की म्हणते, "माह्यं लगन त्या खड्ड्यासंग झालं."

काका विजेचे इंजिनियर. उभी नोकरी राईस मिलमध्ये गेली. नंतर स्वतःच्या परवान्यावर कामं करू लागले. नवीन मीटर घ्यायचं किंवा लोड वाढवायचा तर टेस्ट रिपोर्टवर परवानाधारकाची सही लागते. आमच्या भागात ती सही काकांची. परवाना प्लास्टिकमध्ये गुंडाळून शर्टाच्या खिशात. एसटीत कंडक्टरने तिकीट विचारलं तरी आधी परवाना बाहेर यायचा.

सही मिळणं मात्र सोपं नव्हतं. प्रत्येक बोर्ड उघडून बघणार, प्रत्येक तार ओढून बघणार. कोणी घाई केली की म्हणायचे, "मी माह्या घरी झोपलो असतो, तवा तुमच्या घरी जागी राहते, ते सही."

आणि लॉकडाऊनमध्ये नेमकी काकांच्या परवान्याची मुदत संपली.

परवाने देणारं नागपूरचं ऑफिस बंद. संपलेले परवाने पुढची सूचना येईपर्यंत चालू समजावेत, असं परिपत्रक निघालं. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. काकांनी ऑफिसात फोन लावला. लावतच राहिले. शेवटी एका साहेबांनी घरून उचलला. काका फोन नेहमी स्पीकरवर ठेवून हातभर लांब धरतात, त्यामुळे ते बोलणं अर्ध्या गल्लीने ऐकलं.

"कापगते, तुमचा परवाना चालू समजा."

"समजा म्हणजे?"

"म्हणजे चालूच आहे असं समजा हो!"

"साहेब, समजून करंट थांबते का?"

साहेबांनी फोन ठेवला. काकांनी परवाना खिशातून काढून देवघरात ठेवला आणि त्या दिवसापासून विजेच्या कोणत्याही वस्तूला हात लावणं सोडलं. घरचा फ्यूज उडाला तर ओट्यावर बसून पुठ्ठ्याने वारा घेत राहिले. शेजारच्यांनी विचारलं, काऊन जी, फ्यूज नाही बांधत? "बिनपरवान्याचा माणूस आहो मी." काकू जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे त्यांना रागावणारं घरात कोणी नव्हतं.

मी तेव्हा नागपुरात डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हॉस्टेल बंद झालं तसे आम्ही चौघे एका ट्रकने निघालो. ट्रक सौंदडला थांबलाच नाही, पुढे कोहमाऱ्याच्या ढाब्यापाशी उतरवलं, तिथून उलटे चालत आलो. गावाच्या वेशीवर सरपंच मायाताईंनी अडवलं आणि शाळेत नेलं. बाहेरून येणाऱ्यांना आधी शाळेत राहायचं होतं.

शाळेत पलंग होते, कूलर होते, नवे पंखे होते. त्यांना पुरेल एवढी वीज नव्हती. एवढा लोड वाढवायचा तर टेस्ट रिपोर्ट हवा होता आणि काका सही करत नव्हते. वैशाखाचं ऊन. आम्ही कडुनिंबाखाली बसून बघत होतो.

काका वर्गावर्गातून फिरत होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून. तार दाखवायची तर हनुवटीने दाखवायचे. वायरमन गुलाबभाऊ गोंदियाचा, हिंदीतच बोलणारा. त्याचा परवाना चालू होता, पण तो वायरमनचा; रिपोर्टवर त्याची सही चालत नाही. काका सांगायचे, तो करायचा.

"साहब, अब तो सरकार ने भी बोल दिया. कर दो ना साइन."

"तू काम कर. बोलाले परवाना लागत नाही म्हणून मी बोलून राहिलो. सही नाही."

मायाताईंचा धीर सुटला. "अहो इंजिनियर साहेब, हे पोट्टे उन्हानं मरतीन!"

"ताई, उन्हानं मरत नाहीत. कूलरच्या शॉकनं मरते माणूस."

ताईंनी पदराने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाल्या, "उद्या पुण्याकडची गाडी येऊन राहिली म्हणते. तुमचा निलेश बी तिकडंच आहे ना? थो बी येईल का नाही?"

निलेश काकांचा एकुलता एक मुलगा. कॉम्प्युटर कंपनीत आहे.

काका बराच वेळ कूलरकडे बघत राहिले. मग त्यांचे मागचे हात सुटले. ते शाळेच्या मागे गेले, खड्डा उकरला, गंजलेली तार स्वतः ओढून काढली, नवी बसवून घेतली. मीठ, कोळसा, पाणी. संध्याकाळपर्यंत एकेक बोर्ड उघडून बघितला. मग मायाताईंकडे पेन मागितलं.

सहीखाली त्यांनी लिहिलं होतं: "परवान्याची मुदत संपलेली आहे. चालू समजावा असे साहेब म्हणतात. अर्थिंग चालू समजलेली नाही, स्वतः पाहिली आहे."

पुढे ऑफिस उघडल्यावर त्यांनी नूतनीकरणाच्या अर्जात हेही कळवलं की मुदत संपलेली असताना आपण एक सही केली आहे, योग्य ती शिक्षा व्हावी. नवा परवाना आला. शिक्षेबद्दल कोणी काही लिहिलं नाही. काकांना ते अजून खटकतं.

पण त्या दिवशी निघण्याआधी त्यांनी गुलाबभाऊकडून एक जास्तीचं काम करून घेतलं. खिडकीजवळच्या पलंगाच्या उशाशी एक नवा प्लग पॉइंट. मी त्या पलंगावर पिशवी ठेवली तर म्हणाले, "ए नागपूर, उचल थे. तो राखीव आहे."

मला कळलं नाही. आम्हा कोणाकडे उशाशी लावण्यासारखं काही नव्हतं. एक मोबाइल होता माझ्याकडे, त्यावर मी ऑनलाइन तास ऐकायचो. चार्जिंगसाठी तो वऱ्हांड्यातल्या बोर्डाला लावून उभा राहायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून काका शाळेच्या फाटकाबाहेर येऊन बसले. तोंडाला गमछा, हातात पाण्याची बाटली. दिवस कलताना गाडी आली. दोन गवंडी उतरले, एक बाई उतरली लेकराला घेऊन. गाडी वळून गेली. काकांनी फोन लावला आणि हातभर लांब धरला.

"बाबा, मी कुठे म्हटलं होतं येतो? घरूनच काम सुरू आहे. इथेच बरं आहे."

"हाव, बरं आहे," काका म्हणाले. "तिथली अर्थिंग पायली का?"

"बाबा, मी दहाव्या मजल्यावर राहतो."

"दहावा असला तरी जमीन तं खालीच आहे ना, बापू."

तिकडून हसण्याचा आवाज आला. काकाही हसले. मग "जप" म्हणून फोन ठेवला.

थोड्या वेळाने त्यांनी फाटकातूनच मला हाक मारली.

"ए नागपूर. तुही थे मोबाइलची शाळा असते ना? खिडकीचा पलंग घे. पॉइंट तपासलेला आहे."

मी मान हलवली. काका उठले, कुंपणाच्या कडेने शाळेच्या मागे गेले. खड्डा कुंपणाला लागूनच होता. बाटलीचं बूच उघडून त्यांनी सगळं पाणी त्यात ओतलं. या वेळी स्वतःसाठी अर्धं राखलं नाही.