तबकडीवर ठेवलेला चहा

ही गोष्ट दोन हजार बावीस सालची. त्या साली जानेफळात एकच गुप्तहेर होता, आणि तो कुठं राहतो हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. घरावर लाल रंगात पाटीच होती: 'शंकरराव, खाजगी गुप्तहेर. पूर्ण गुप्तता.' खाली दाराकडं दाखवणारा बाण.

"माझ्यासारखी नजर वऱ्हाडात दुसऱ्या कोणाची नाही," असं शंकरराव सांगत, आणि कपाळावरचा चष्मा घरभर शोधत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा उद्योग काढला. आजवरची मोठी केस म्हणजे शेजाऱ्यांची हरवलेली बकरी. ते तिला शोधत गावभर हिंडले आणि ती त्यांच्या मागोमाग हिंडली. "सावज आपल्या मागं लावून घ्यायचं, ही माझी पद्धत," ते नंतर म्हणाले.

त्यांची मदतनीस म्हणजे बायको, जनकाबाई. पगार नाही, वर चहाही तिनंच करायचा. पण या खेपेला केस तिचीच होती.

जनकाबाईची थोरली बहीण अन्नपूर्णाबाई सोनाळ्याला दिलेली. लग्नाआधी ती गायला लागली की बाया हातातलं निंदणं सोडून ऐकायच्या. अकोल्याच्या एका छोट्या कंपनीनं तिची दोन गाणी तबकडीवर घेतली. तबकडी बाजारात आली तोवर पोरगी सासरी गेली होती, आणि सासऱ्यांना सुनेचं गाणं चालत नव्हतं. पुढं कंपनीही बुडाली. अन्नपूर्णाबाईनं स्वतःचं गाणं कधी ऐकलंच नाही. आता तिचा एक कान पार गेला होता आणि दुसऱ्याची खात्री डॉक्टर देत नव्हते.

म्हणून जनकाबाई दर बाजाराला झुंबरबाईच्या भंगाराच्या दुकानात जायची. तिथं पत्र्याच्या टपात जुन्या तबकड्या टाकलेल्या असत. कोणतीही उचला, दहा रुपये. जनकाबाई शोधायची ती त्या कंपनीची खूण: मधोमध लाल चकती, वर हिरवा पोपट. पोपट काही सापडेना. सापडलं ते म्हशींच्या आजारांवरचं भाषण, आणि 'पेटी शिका'चा नुसता दुसरा भाग.

टपात निम्मा माल किसनरावांचा होता. किसनराव लग्नात लाऊडस्पीकर लावायचे. एका मांडवात दोन लाऊडस्पीकरवाले आले की तबकड्यांची अदलाबदल होई, म्हणून त्यांनी प्रत्येक तबकडीच्या मधोमध, दोन्ही अंगांनी, आपल्या नावाचा पांढरा कागद खळीनं चिकटवला होता. कोणती कोणती ते त्यांना वजनावरून कळायचं म्हणे. त्यामुळं एकदा नवरीच्या पाठवणीला असंच म्हशींचं भाषण लागलं होतं, आणि तरीही मंडळी रडली होती. किसनराव वारल्यावर सगळं भंगारात आलं. 'लग्नातल्या सनया असतील,' म्हणून जनकाबाई ते पांढरे कागदवाले दर वेळी बाजूला सारायची.

शंकररावांनी तपास हाती घेतला. पहिला संशय परदेशी टोळीवर. टपाशी वाकलेल्या एका चष्मेवाल्या माणसाचा त्यांनी बसस्टँडपर्यंत पाठलाग केला. तो बँकेचा नवा मॅनेजर निघाला, कुकरचं झाकण शोधत होता. मग ते लोणारला गेले.

"तबकड्या सरोवरात बुडवल्या आहेत," परत आल्यावर ते म्हणाले. "खारं पाणी. पुरावा विरघळतो."

"मंग तुम्ही काय आणलं?"

"सीताफळं."

"तीही पिकली नाहीत," जनकाबाई पिशवीत हात घालून म्हणाली.

पुढच्या बाजाराला ते स्वतः दुकानात आले. "गुन्हा जिथं घडला तिथंच बसायचं," असं म्हणून त्यांनी स्टूल ओढलं, चहा मागवला आणि वाफाळता ग्लास टपातल्या वरच्याच तबकडीवर टेकवला.

"हा किसनराव," ते दबक्या आवाजात म्हणाले, "सगळीकडं याचंच नाव. टोळीचा म्होरक्या हाच. कुठं राहतो?"

"स्वर्गात," झुंबरबाई म्हणाली.

"पत्ता बदलला तर!" म्हणत ते फिरले, कोपर लागलं, आणि सगळा चहा तबकडीवर सांडला.

"काऊन हो काकाजी! माल खराब करून राह्यले तुम्ही!" झुंबरबाईनं पदरानं तबकडी खसाखसा पुसली. गरम चहानं खळ सुटली होती. किसनरावांचा कागद पदराला चिकटून आला. खाली लाल चकती होती, आणि हिरवा पोपट.

जनकाबाईनं तबकडी दोन्ही हातांनी उचलली. "बाई वं! दर बाजाराले मीच तिले बाजूला करत होती."

"बघ," शंकरराव म्हणाले, "चहा हे तपासाचं साधन आहे."

"तुम्ही आता गप बसा, हो."

दुसऱ्याच दिवशी जनकाबाई घरचं तबकडीचं मशीन मांडीवर घेऊन एसटीनं सोनाळ्याला गेली. अन्नपूर्णाबाईनं चांगला कान मशीनच्या पेटीला लावला. गाणं संपलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण कपाळाला आठी.

"पोरगी बरी गाऊन राह्यली," ती म्हणाली. "पण दुसऱ्या कडव्याले एवढी घाई काऊन? लाव बरं परत."

त्यानंतर शंकररावांनी पाटीवर 'तबकडी प्रकरण फेम' असं वाढवलं; झुंबरबाईनं आपल्या दुकानात 'चहा आणू नये' अशी पाटी लावली. तिनं ते गाणं ऐकलं तेव्हा म्हणाली, "अवं, हे तं माह्या लग्नात लागलं होतं!" चौकशी केली तर निम्म्या जानेफळाच्या लग्नात लागलं होतं. जनकाबाई अजून बाजाराला जाते. 'पेटी शिका'चा पहिला भाग तिला मिळालेला नाही.

अन्नपूर्णाबाईचा दुसरा कान पुढच्या उन्हाळ्यात गेला. तरी रोज तिन्हीसांजेला ती सुनेला तबकडी लावायला सांगते आणि मशीनच्या पेटीवर तळवा ठेवून बसते. दुसरं कडवं आलं की तिला हातालाच कळतं. मग ती पेटीवर हळूच थोपटते आणि म्हणते, "सावकाश, पोरी. सावकाश."