खालच्या वाडीत काहीही करू नये

ज्ञान हे तुलनेतून मिळते. दोन कुंड्या घ्याव्यात, दोन्हींत वाल पेरावेत, एकीला रोज पाणी घालावे आणि दुसरीला अजिबात घालू नये. थोड्याच दिवसांत पाण्याचे महत्त्व कोणत्याही मुलाला कळते. (दुसऱ्या कुंडीतल्या वालाला ते आधीच कळलेले असते, पण वालाचे मत नोंदवण्याची पद्धत नाही.)

याच थोर तत्त्वावर १९८४ साली रत्नागिरीजवळच्या कातळवली गावात डासांविषयीचा संयुक्त संशोधन प्रकल्प सुरू झाला. संयुक्त अशासाठी, की एका डासाकडे चार शास्त्रे एकाच वेळी बघणार होती. अभियंते डास जिथे जन्मतो ते गटार बघत. जीवशास्त्राचे प्राध्यापक मुळ्ये प्रत्यक्ष डास बघत. आरोग्याचे डॉक्टर डास चावलेला माणूस बघत. संगणकाचे साहेब काहीच बघत नसत. त्यांना आकडे कळवले की भागे. त्यांचा संगणक मुंबईला एका थंडगार खोलीत ठेवलेला होता. (त्या खोलीत डास नव्हते. ते का नव्हते हे शोधण्यासाठी वेगळा प्रकल्प मंजुरीला गेला होता.)

कातळवलीला दोन वाड्या, वरची आणि खालची. मधून पऱ्या वाहतो. डॉक्टरांनी देवळासमोर सर्वांच्या देखत रुपया उडवला. छापा पडला. त्यानुसार वरच्या वाडीला बांधीव गटारे, विहिरींत गप्पी मासे आणि घरोघर फवारणी मिळाली. खालच्या वाडीला पाटी मिळाली. पाटीवर लिहिले होते : 'तुलनेची वाडी. येथे काहीही करू नये.'

पाटी काशीरामच्या कुंपणाला लागली, तेव्हा त्याची छाती फुगली.

"वरच्या वाडीला नुसती गटारं दिली," तो बायकोला म्हणाला. "आपल्याला नाव दिलंय."

"मग त्या नावाला सांगा आमचं सांडपाणी न्यायला," सगुणा म्हणाली.

काशीरामने तिला समजावून सांगितले. प्रकल्प पुरा झाला की खालच्या वाडीलाही तशीच गटारे मिळायची होती. डॉक्टरांनी तसा शब्द दिला होता. तोवर वाडीत काही बदलायचे नाही, एवढीच अट.

वाडीने ती अट जिवापाड पाळली. रामाने गळकी कौले बदलली, ती अभियंत्यांनी उतरवून पुन्हा गळकी बसवून घेतली. आप्पांनी अंगणातला फुटका माठ फेकून दिला, तर तसाच माठ बाजारातून मागवण्यात आला. दुकानात फुटका माठ मिळेना, म्हणून चांगला घेऊन वाटेत फोडण्यात आला. (हे काम 'उपकरणांची जुळवाजुळव' या सदरात दाखवले आहे.)

दिवेलागणीला वाडीतला एकेक माणूस पडवीत पाय पुढे करून बसे. प्राध्यापक मुळ्ये विजेरी आणि काचेची नळी घेऊन त्या पायावर बसणारे डास टिपत. काशीरामला आपल्या उजव्या पायाकडून फार आशा होत्या. त्याने तो घासूनपुसून पुढे केला. तो सरासरी निघाला. काशीरामने तो मुकाट्याने मागे घेतला.

पण त्याच्या मुलीच्या, मैनाच्या पायाने प्रकल्पाला हादरा दिला. खालच्या वाडीतले शंभरातले चाळीस डास एकट्या मैनावर बसत. मुंबईच्या संगणकाने तीनदा बेरीज करून हेच सांगितले. वाडीची सरासरी ती अशी मैनाच्या पायावर उभी होती.

"असा पाय कोकणात दुसरा नाही," मुळ्ये भारावून म्हणाले.

"तुमीच घेवन जा तो, सर," मैना म्हणाली. "मला खाजवून खाजवून झोप नाय."

त्याच सुमारास तिला देवरूखचे स्थळ आले. मुलगा रघू एस.टी. डेपोत कामाला होता. बघण्याच्या वेळी मैनाने त्याला एकच प्रश्न विचारला : "तुमच्याकडे डास हायत काय?" तो म्हणाला, "नायत." मैनाने तिथेच होकार दिला. लग्न वैशाखात ठरले.

बातमी कळताच चारही शास्त्रे एका जीपमध्ये बसून आली. डॉक्टरांनी काशीरामला पुढ्यात बसवून, लहान मुलाला बेरीज शिकवावी तसे, सारे समजावून सांगितले. मैना गेली की खालच्या वाडीत पायांवर बसणारे डास एकदम शंभरात चाळीस कमी होणार. खालच्या वाडीत तर काहीच केलेले नाही. म्हणजे काहीही न केल्याने डास कमी होतात, असे सिद्ध होणार.

"आणि तसं सिद्ध झालं," अभियंते म्हणाले, "तर या जिल्ह्यात पुन्हा गटार बांधलं जाणार नाही."

म्हणजे सगळा प्रकल्प मोडून पहिल्या रुपयापासून पुन्हा सुरू करावा लागणार होता. खालच्या वाडीची गटारे कित्येक वर्षे लांबणार होती. हे ऐकून सगळी वाडी काशीरामच्या अंगणात जमली.

"काशीराम," आप्पा म्हणाले, "पोर तुझी खरी. पण पाय वाडीचा हाय."

"मग पाय ठेवा तुमच्याकडं," सगुणा आतून ओरडली. "बाकीची पोर मी धाडते देवरूखला!"

काशीराम पेचात पडला. पोर दर पावसाळ्यात तापाने फणफणत असे. ती या डासांतून सुटावी असे त्याला वाटत होते. पण तिला सोडवावे तर सगळ्या वाडीच्या मुलांना त्याच डासांत ठेवल्याचा बोल त्याच्या माथी येणार होता. विज्ञानाने माणसाला इतका मान दिला की माणसाची अशी अडचण होते.

तोडगा संगणकाच्या साहेबांनी काढला. एक वजा झाला तर एक अधिक करावा. गुणधर्म तेवढे तेच हवेत. म्हणजे मैनाच्या बदली तिच्याच वयाची, तिच्याच वजनाची मुलगी वाडीत आणावी.

"म्हणजे साटंलोटं," सगुणा म्हणाली.

साहेबांना तो शब्द ठाऊक नव्हता. आपली मुलगी त्यांच्या घरी द्यायची, त्यांची आपल्या घरी आणायची, हे कळल्यावर त्यांनी ते वहीत सूत्र म्हणून उतरवून घेतले. संगणक येण्याआधीच कोकणात ही सोय होती, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मैनाचा थोरला भाऊ धाकू लग्नाचा होता. रघूला हौसा नावाची बहीण होती. वय जुळले, वजन जुळले. ती डासांना आवडते का, एवढेच बघायचे राहिले.

मुलगी बघायला देवरूखला काशीराम, सगुणा, धाकू, चार शास्त्रे आणि बरणीभर डास असे सगळे गेले. (डास खालच्या वाडीचेच नेले होते. देवरूखला डास नव्हते, आणि असते तरी त्यांचे मत ग्राह्य धरता आले नसते.) पोहे झाले. स्वयंपाक येतो का, शिवण येते का, कोणी काही विचारले नाही. डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "मुली, पाय पुढे कर."

"आमच्यात आधी नाव विचारतात," हौसाचे वडील सखाराम म्हणाले.

"नाव नोंदवलेलं आहे," मुळ्ये म्हणाले, आणि त्यांनी बरणीचे झाकण काढले.

डास बाहेर आले. त्यांनी हौसाभोवती एक फेरी मारली, सभ्यपणे पुढे सरकले आणि एकजात प्राध्यापक मुळ्यांच्या मानेवर, मनगटांवर व कानांच्या पाळ्यांवर जाऊन बसले.

हौसा पदर तोंडाला लावून हसत सुटली. "बाबा, त्यांना मुलगी पसंत पडली वाटतं!"

बरणीतल्या शंभरांपैकी बेचाळीस डास मुळ्यांवर मोजले गेले; बाकीचे घरात पांगले. बेचाळीस म्हणजे मैनापेक्षा दोन जास्तच. डॉक्टरांनी अभियंत्यांकडे पाहिले, अभियंत्यांनी संगणकाच्या साहेबांकडे पाहिले, साहेबांनी कागदावर काही आकडेमोड केली.

"वय आणि वजन जुळत नाही," ते म्हणाले, "पण गणितात जुळवता येईल."

"अहो, मी संशोधक आहे!" मुळ्ये उठून उभे राहिले. डासही त्यांच्याबरोबर उठले आणि पुन्हा बसले.

"नमुन्याला मत नसतं, मुळ्ये," डॉक्टर मायेने म्हणाले.

हौसाने धाकूला मात्र नकार कळवला. पाय मोजून सून आणणाऱ्या घरात आपण जाणार नाही, असा तिचा निरोप होता. आता तिची गरजही उरली नव्हती. वैशाखात मैनाचे लग्न झाले. वरात देवरूखच्या एस.टी.त बसली, आणि त्याच एस.टी.तून वळकटी घेऊन मुळ्ये खाली उतरले. मैनाने त्यांना वाकून नमस्कार केला.

"रात्री पाय चादरीत घ्या, सर," ती म्हणाली. "नायतर नका घेऊ. तुमचं काम अडेल."

काशीरामने त्यांना मुलीची जागा दिली आणि बापाच्या मायेने त्यांच्यावर लक्ष ठेवले. मुळ्यांनी कुदळ घेऊन परसात चर खणायला सुरुवात केली, तेव्हा त्याने कुदळ काढून घेतली. त्यांनी मच्छरदाणी आणली, ती त्याने घडी करून माळ्यावर टाकली. मुळ्यांना थंडी वाजून ताप भरला, तेव्हा काशीराम उशाशी बसून राहिला आणि पुन्हा पुन्हा सांगत राहिला, "सर, जरा कळ काढा. मैनाला पन असाच यायचा. अगदी बरोबर चाललंय तुमचं."

सरासरी राहिली. प्रकल्प तडीस गेला. गटारे बांधली की डास कमी होतात, हे चार शास्त्रांच्या सहीनिशी सिद्ध झाले. निबंधाच्या आरंभी लेखक म्हणून मुळ्यांचे नाव आहे. शेवटच्या तक्त्यात त्यांची नोंद 'स्त्री, वय एकोणीस, अविवाहित' अशी आहे.

काशीराम रत्नागिरीला जाऊन डॉक्टरांना भेटला. "आता आमची गटारं?"

डॉक्टरांनी त्याला चहा पाजला. कातळवलीत सिद्ध झाले ते इतर ठिकाणी टिकते का, हा प्रश्न परीक्षकांनी उपस्थित केला होता. त्यामुळे तुलना आता पुष्कळ तालुक्यांत आणि शहरांत न्यायचे ठरले होते, आणि खालच्या वाडीसारखी निर्मळ वाडी त्यातून वगळणे शक्य नव्हते. रस्ते, नळ, दवाखाने, शाळांची छपरे हे विषयही सोयीसाठी त्यातच घेतले आहेत. पाट्या मात्र या वेळी लावलेल्या नाहीत. पाटी वाचली की माणसे आपणच कुदळ उचलतात, असा अनुभव आला आहे. रुपयाही कचेरीतच उडवला जातो.

तेव्हा वाचकहो, तुमच्या दारापुढचे गटार उघडे असेल, अर्जाला उत्तर येत नसेल आणि शेजारच्या आळीत मात्र सगळे होत असेल, तर मनाला लावून घेऊ नका. तुमच्या आळीत फार मोलाचे काम चालू आहे. तुम्ही फक्त स्वस्थ बसायचे आहे. आणि ते तुम्ही इतकी वर्षे, कोणी न सांगता, उत्तम केले आहे.