मंगलकार्याला रिकामी डिस्क

यंदाच्या बंजारा वधू-वर मेळाव्यात कागदाचा कपटाही दिसणार नाही, असं देवसिंग राठोडांनी पुसदच्या बैठकीत ठणकावून सांगितलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस, तारा आणि बटणं यांच्यातच जन्म गेलेला. मेळावा समितीचे अध्यक्ष हिरासिंग जाधव बिचकतच म्हणाले, की मागच्या वर्षीचं रजिस्टर काही वाईट नव्हतं. पण देवसिंग एव्हाना पोळ्याच्या बैलासारखे सजून उभे होते. त्यांना कोण अडवणार!

त्यांनी चारशे बारा स्थळांची माहिती कॉम्प्युटरात भरली आणि अर्ज रद्दीवाल्याला देऊन टाकले. चारचौघांसारखं फायलींत माहिती ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटलं. म्हणून त्यांनी डिस्कचा एक अख्खा कप्पा कोरा सोडला, ना फोल्डर, ना फाइल, आणि डेटाबेस थेट त्या कोऱ्या कप्प्यावर उतरवला. बायकोला, म्हणजे हंसाबाईंना, त्यांनी समजावलं, "फाइल सिस्टीम म्हणजे अडत्या. आपला कापूस आपणच जिनिंगवर नेला, तर काम लवकर होते का नाही? तसं हाय हे."

हंसाबाईंनी मान डोलावली. तीस वर्षं तांड्यातांड्यावरची लग्नं त्यांनी तोंडी जुळवली होती. यंदा मात्र त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी आठ वाजता देवसिंगांना आठवलं, की कर्नलला एक पॅच, म्हणजे दुरुस्तीचं ठिगळ, लावायचा राहिलाय. कर्नल म्हणजे यंत्राचा कारभारी, सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला. अशा दिवशी कारभाऱ्याला हात लावणं म्हणजे हळद लागलेल्या नवरदेवाला दात काढायला नेणं. तरी त्यांनी पॅच लावलाच. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागलं, तसे ते अंघोळीला गेले.

हंसाबाई तेव्हा पिशवी भरत होत्या. पडद्यावर पाटी आली: ही डिस्क रिकामी आहे, वापरण्यासाठी तयार करायची का? नव्या कारभाऱ्याला कोऱ्या कप्प्यातलं अक्षर वाचता येईना, आणि जे आपल्याला वाचता येत नाही ते नाहीच, अशी त्याची समजूत. हंसाबाईंनी मात्र पिशवी खाली ठेवली. लग्नाच्या कामाला निघायचं, आणि सोबत रिकामं भांडं? शेजारणीचा डबासुद्धा त्यांनी कधी चिमूटभर साखर घातल्यावाचून परत केला नव्हता. त्यांनी 'हो' दाबलं आणि फोनमधले भाच्याच्या साखरपुड्याचे सतरा फोटो त्यात मनोभावे भरले.

अकरा वाजता मंगल कार्यालय गच्च भरलं. ढाणकीपासून राळेगावपर्यंतची माणसं पोराबाळांसह आली होती. देवसिंगांनी यंत्र सुरू केलं आणि पडद्यावर भाचा उमटला, गालात अख्खी जिलेबी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवसिंगांनी चार वेळा डेटाबेस उघडून पाहिला, आणि चारही वेळा यंत्राने असं काही इथे नाही म्हणून हात झटकले.

"ते रिकामं होतं," हंसाबाई हळूच म्हणाल्या, "म्हणून मी भरलं."

देवसिंग खालीच बसले. साऱ्या समाजासमोर त्यांचं नाक कापलं जाणार होतं, आणि चारशे बारा घरांची आशा रद्दीवाल्याच्या हातगाडीवरून केव्हाच निघून गेली होती.

हंसाबाईंनी क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. मग माइक उचलला आणि पडद्यामागे खुर्ची ओढली. देवसिंगांनी घाम पुसत जाहीर केलं, की यंदाचा कॉम्प्युटर बोलून माहिती देईल.

आणि तो बोलला, तुम्हाला सांगते, असा बोलला की विचारू नका! नाव पुकारायचा अवकाश, की पडद्यामागून शिक्षण, गाव, आजोळ, कुळ सगळं घडाघडा बाहेर. राठोडांचं स्थळ राठोडांकडे निघालं, तर एकाच कुळात सोयरीक नको म्हणून तो जागीच अडवी. हिरासिंग थक्क झाले. मग मथुराबाईंचा कपिल उभा राहिला. वय अठ्ठावीस, असं त्याने स्वतःच सांगून टाकलं.

"चौतीस," पडदा म्हणाला. "तुह्या बारशाले मी होती. तांड्यावर पहिला रंगीत टीव्ही आला ते साल."

मांडव खो खो हसला. मथुराबाई तरातरा उठल्या. "कॉम्प्युटरले बारशाले कोनं बोलावलं होतं?" म्हणत त्यांनी पडदा बाजूला केला. खुर्चीवर हंसाबाई, मांडीवर पिशवी, हातात माइक.

देवसिंगांनी डोळे मिटले. पण हिरासिंगांनी शाल आणवली आणि हंसाबाईंच्या खांद्यावर घातली. ढाणकीकर पुढे सरसावले, पुढच्या आठवड्यात हा कॉम्प्युटर आमच्याकडे पाठवा म्हणाले. मथुराबाईंनी लगेच बजावलं, की आधी कपिलचं पाहायचं, चौतीस तर चौतीस.

पुढच्या रविवारी ढाणकीच्या एसटीत जागा एकच मिळाली. कॉम्प्युटर खिडकीशी ऐसपैस बसला. देवसिंग दोन्ही हातांत पिशव्या धरून उभे होते आणि कंडक्टरला सांगत होते, "मी सोबतचा वायरमन."